डनफर्मलिनचे हेन्रीसन मास्तर

हेन्रीसन मास्तर जुलाबाने गेले. निदान पंधराव्या शतकातल्या या स्कॉटिश कवीबद्दल गोष्ट तरी अशीच सांगतात. ती लिहून ठेवणारा फ्रान्सिस किनॅस्टन हा इंग्लंडच्या दरबारातला माणूस मास्तरांनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी झाला, त्यामुळे किती खरी मानायची ते तुमचं तुम्ही बघा, पण मला ती फार आवडते म्हणून तिच्यापासूनच सुरू करते. मास्तर म्हातारे झालेत, अंथरुणाला खिळलेत, वैद्यांनी हात टेकलेत, आणि अशात एक बाई येते, तोडगे-उतारे करणारी. म्हणते, मास्तर, तुमच्या बागेच्या त्या टोकाला एक झाड आहे ना, त्याच्याभोवती फेऱ्या मारा आणि म्हणा, ‘झाडा रे झाडा, माझ्या पोटाचा थांबव हा राडा’. मास्तर म्हणतात, बाई, अंगात त्राण नाही, बाहेर बर्फ पडलंय, तिथवर कुठे जाऊ, पण खोलीत हे ओकचं टेबल आहे, त्याच्याभोवती फिरून ‘ओकच्या फळ्या, ओकच्या फळ्या, पडू देत आता घट्ट गोळ्या’ असं म्हटलं तर नाही का चालणार? बाई भडकली, तरातरा निघून गेली, आणि पुढच्या सात-आठ मिनिटांत मास्तर आटोपले. (ओळी मराठीत मी जुळवल्यात. मूळातली दुसरी याहून बरीच उघडीवाघडी आहे.)

आता यातला एक शब्दही खरा नसला तरी मला वाटतं ज्याने कोणी ही गोष्ट रचली त्याने मास्तरांच्या कविता नीट वाचल्या होत्या, कारण त्या कवितांमधला माणूस डिट्टो असाच आहे. समोर काहीतरी भयंकर चाललेलं असतं आणि हा तिथल्या टेबलाकडे बघत असतो.

रॉबर्ट हेन्रीसनबद्दल नक्की माहिती विचाराल तर ती चार ओळींत संपते. १४६२ साली ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या रजिस्टरमध्ये या नावाच्या माणसाची नोंद आहे, कला शाखेचा शिकलेला आणि शिवाय चर्चच्या कायद्याचा पदवीधर म्हणून. युनिव्हर्सिटी स्वतःच तेव्हा नवीन, १४५१ मधली. मग १४७८ साली डनफर्मलिनच्या काही दस्तांवर साक्षीदार म्हणून रॉबर्ट हेन्रीसन, नोटरी, असं नाव येतं. आणि मग त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर, तीही मेल्यावर साठ-सत्तर वर्षांनी छापलेली पुस्तकं, ‘डनफर्मलिनचे शाळामास्तर’. हे तिघे एकच असावेत असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. बाकी जन्म कधी, बायकापोरं होती का, दिसायला कसे होते, सगळा अंधार. मेले कधी हेही दुसऱ्या एका कवीमुळे अंदाजाने सांगतात. विल्यम डनबार म्हणून स्कॉटलंडचा राजा जेम्स चौथा याच्या दरबारातला कवी, त्याने मेलेल्या कवींवर एक शोकगीत लिहिलं, दर कडव्याच्या शेवटी मरणाच्या भीतीने हादरून गेल्याची एक लॅटिन ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि त्यात तो म्हणतो की डनफर्मलिनला जाऊन मृत्यू मास्टर रॉबर्ट हेन्रीसनच्या कानात कुजबुजला. ती कविता १५०८ च्या सुमारास छापली गेली म्हणजे मास्तर त्याच्या आधी गेलेले.

डनफर्मलिन हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातलं गाव, फोर्थच्या खाडीच्या उत्तरेला. (आता शहर म्हणायचं, २०२२ मध्ये तसा दर्जा मिळालाय.) तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मोठा मठ होता, रॉबर्ट द ब्रूस राजाला तिथेच पुरलंय, सेंट मार्गारेटच्या दर्शनाला यात्रेकरू यायचे. आणि मठ म्हणजे नुसती प्रार्थना थोडीच, जमिनी आल्या, कुळं आली, वसुली आली, भांडणं आली आणि कोर्टंही आली. मास्तर सकाळी पोरांना लॅटिन शिकवत असतील आणि नंतर दस्तांवर सह्या करत असतील असं एक चित्र माझ्या डोक्यात बसलंय, पुरावा मागू नका.

शाळेत लॅटिनच्या सुरुवातीला पोरांच्या हातात काय द्यायचे तर इसाप. पद्यातला लॅटिन इसाप, पाठ करायचा, अर्थ सांगायचा, व्याकरण सोडवायचं. म्हणजे मास्तरांनी या गोष्टी वर्षानुवर्षं दर बॅचला शिकवल्या असणार. आपल्याकडेही छापील मराठीच्या अगदी सुरुवातीलाच इसाप येऊन बसलाय, तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०६ साली या गोष्टी मराठीत छापून घेतल्या होत्या, त्यामुळे कोल्हा-करकोचा आणि शेवटी ‘तात्पर्य’ ही भानगड आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगायला नको. मास्तरांनी त्यातल्या काही गोष्टी घेतल्या, काही युरोपभर फिरणाऱ्या लबाड कोल्ह्याच्या गोष्टींमधून घेतल्या, आणि सात-सात ओळींच्या कडव्यांमध्ये, स्वतःच्या स्कॉट्स भाषेत, तेरा नीतिकथा लिहिल्या. प्रत्येकीच्या शेवटी रीतसर तात्पर्य.

आणि मजा त्या तात्पर्यातच आहे.

पहिलीच गोष्ट बघा. घर झाडणारी मुलगी नीट न बघता केरातून एक रत्न बाहेर फेकते. सकाळी कोंबडा उकिरड्यावर येतो, गरीब आहे पण तोरा मोठा, आणि त्याला ते रत्न सापडतं. मग तो त्या रत्नाशी बोलतो, आणि काय अदबीने बोलतो! म्हणतो, तू किती थोर, तू राजाच्या मुकुटात असायला हवंस, इथे चिखलात पडणं तुला शोभत नाही, पण खरं सांगू, तू मला काही कामाचं नाहीस आणि मी तुला नाही. मला दाणे हवेत, कोंडा हवा, किडे-गोगलगायी चालतील, तुझ्याने माझं पोट भरणार आहे का? आणि जातो निघून. वाचणारा मान डोलावतो, अगदी बरोबर बोलला, ज्याला भूक आहे त्याने दगड चाटायचा का. आणि मग येतं तात्पर्य: हे रत्न म्हणजे ज्ञान, आणि हा कोंबडा महामूर्ख, डुकरापुढे मोती टाकण्यातला प्रकार. आपण एकदम गप्प. आत्ता आपण कोणाच्या बाजूने होतो? मास्तरांनी आपल्याला अलगद त्या उकिरड्यावर नेऊन उभं केलं आणि मग छडी काढली. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत, शेवटच्या ओळीत म्हणतात, ज्याला हवं त्याने जाऊन शोधावं ते रत्न, पडलंय अजून तिथेच. यात उपदेश किती आणि खांदे उडवणं किती हे मला आजही सांगता येत नाही. काही जाणकार म्हणतात की कोंबडा चूकच, तुम्ही आधुनिक लोक उगाच त्याची बाजू घेता. असेल. पण मग त्याला इतकं गोड बोलायला कशाला लावलं?

माझं मत असं झालंय की मास्तर तात्पर्य कर्तव्य म्हणून सांगतात, आणि मनापासून सांगतात, ढोंग नाही त्यात, पण त्यांचा डोळा त्यांचं ऐकत नाही. डोळा त्या जनावराच्या थंडीकडे, भुकेकडे, लबाडीकडे जातो आणि तिथेच रेंगाळतो.

दोन उंदरांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत, गावचा आणि शहरचा. मास्तरांच्या हातात त्या दोघी बहिणी होतात. शहरातली बहीण व्यापारी गिल्डची मेंबर आहे, जकात भरावी लागत नाही, एकदम बडं प्रस्थ! तिला बहिणीची आठवण येते म्हणून ती अनवाणी, यात्रेकरूसारखी हातात काठी घेऊन, रात्रीची निघते, आणि माळावर हाक मारते, अगं ये ना बाहेर, एकदा तरी ‘पीप’ कर! दोघी भेटतात, हसतात, रडतात, आणि मग शहरातलीला ते सुकं खाणं बघवत नाही. म्हणते माझा उपासाचा गुड फ्रायडे तुझ्या ईस्टरपेक्षा बरा. मग तिला शहरात घेऊन जाते, आणि तिथे मांजर येतं तेव्हा मास्तर जे लिहितात त्याला तोड नाही. मांजर गावच्या उंदरीला या पंजातून त्या पंजात टाकतं, कधी गवताखाली सोडतं, कधी डोळा मिचकावतं, लहान मुलासारखं लपाछपी खेळतं. इतकं गमतीत लिहिलंय की आपण हसतो, आणि मध्येच लक्षात येतं की अरे, ती मरतेय. ती वाचते, फळीमागच्या फटीतून निसटते, घरी पळते, आणि घर लोकरीसारखं उबदार. तात्पर्य काय, तर समाधानाने राहा. हो, ठीक आहे, पण ते मांजर डोक्यातून जात नाही.

हसायचंच असेल तर कोल्ह्याच्या कबुलीची गोष्ट वाचा. कोल्ह्याला आकाशातले ग्रह बघून कळतं की आपलं काही खरं नाही, म्हणून तो लांडग्याकडे जातो, लांडगा इथे साधूबुवा आहे, फकिरी झग्यात. कोल्हा पाप कबूल करतो. बुवा विचारतात, पश्चात्ताप होतोय का? कोल्हा म्हणतो, होतोय ना, कोंबड्या इतक्या थोड्या मारल्या याचा होतोय. शिक्षा ठरते, ईस्टरपर्यंत मांस बंद, मासे चालतील. कोल्हा समुद्रावर जातो, जाळं नाही, होडी नाही, लाटा बघून गार पडतो. तेवढ्यात शेळ्यांचा कळप. एक करडू उचलतो, समुद्राशी नेतो, पाण्यात बुचकळतो आणि म्हणतो, जा खाली करडूराव, या वर सॅल्मनराव! बाप्तिस्मा झाला, मासा झाला, खाल्ला. मग भरल्या पोटाने झुडपाखाली उन्हात पडतो, पोटावर ऊन घेत सहज म्हणतो, या पोटावर एखादा बाण काय शोभून दिसेल. आणि शेळ्या राखणारा तो मारतोच. हे टायमिंग १५व्या शतकातलं आहे हं. चर्चचा कायदा शिकलेल्या माणसाने बाप्तिस्म्याची केलेली ही थट्टा आहे, आणि त्याला कोणी काही केलं असं दिसत नाही.

पण हाच माणूस मेंढीच्या गोष्टीत हसत नाही.

इथे थोडं माझं सांगते. मी काही वर्षं कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे टायपिंग-फायलिंगचं काम केलं. बाहेर बाकावर लोक बसलेले असायचे, पिशवीत कागद, कागदाला प्लॅस्टिक, आणि नाव पुकारलं की सगळं अंग उभं राहायचं त्यांचं. पाचशे रुपयांच्या वादासाठी पाच हजार घालवलेला माणूस मी पाहिलाय, आणि तो वेडा नव्हता, त्याला पर्यायच ठेवला नव्हता कोणी. तर मेंढी आणि कुत्र्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती गोष्ट वाटलीच नाही, मला ती फाइल वाटली.

कुत्रा दावा लावतो की मेंढीने आपल्याकडून पावाचा एक लोफ घेतला, किंमत पाच शिलिंग वगैरे, आणि परत दिला नाही. खोटं आहे हे. कोर्ट चर्चचं. जज्ज लांडगा. समन्स घेऊन जाणारा डोमकावळा. कारकून आणि नोटरी कोल्हा. (नोटरी! मास्तर स्वतः नोटरी, आणि कोल्ह्याला ती खुर्ची दिली.) वकील घार आणि गिधाड. मेंढी बिचारी मूर्ख नाही, ती उभी राहून रीतसर हरकती घेते: जज्ज माझा वैरी आहे, जागा लांब आहे, आणि वेळ कोर्टाची नाही, सूर्य मावळलाय, सुट्टीचा काळ आहे. अगदी मुद्देसूद. मग हरकतीचा निकाल द्यायला लवाद नेमतात, अस्वल आणि बॅजर, ते जाडजूड ग्रंथ उघडतात, जुने कायदे, नवे कायदे, टीका, भाष्यं, सगळं चाळून चाळून निकाल देतात की मेंढीने याच कोर्टात उत्तर दिलं पाहिजे. प्रोसिजरमध्ये खोट काढायला जागा नाही. मेंढी हरते, पाठीवरची लोकर विकते, पाव विकत घेऊन कुत्र्याला भरपाई देते आणि उघडीनागडी रानात जाते.

आता तात्पर्य. लांडगा म्हणजे शेरीफ, राजाकडून दंडवसुलीचा हक्क विकत घेणारा. डोमकावळा म्हणजे आरोपींची यादी घेऊन फिरणारा अधिकारी, जो यादीतलं जॉनचं नाव खरवडून तिथे विल नाहीतर वॉट लिहितो, आणि दोन्हीकडून पैसे खातो. हा तपशील कुठल्या लॅटिन इसापात असणार? हा त्यांनी बघितलेला आहे, कोणीतरी चाकूच्या टोकाने कातड्यावरची शाई खरवडताना बघितलेली आहे, असं माझं ठाम मत. आणि तात्पर्य इथे संपायला हवं तर संपतच नाही. मास्तर म्हणतात, मी त्या बाजूने चाललो होतो, तिथे ही मेंढी पडली होती, थंडीने कुडकुडत होती, आणि वर बघून म्हणत होती, देवा, इतका वेळ झोपलायस कशाला? उठ, माझा खटला तरी बघ. म्हणजे गोष्ट संपल्यावर, अर्थ सांगून झाल्यावर, रूपक उलगडून ठेवल्यावरसुद्धा मेंढी अजून तिथेच आहे आणि तिला थंडी वाजतेय. तात्पर्याने तिचं काही भलं झालेलं नाही.

लांडगा आणि कोकरू यातही हेच. तिथे कोकरू कायदा बोलतं, बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला का, असं विचारतं, आणि खाल्लं जातं. मग तात्पर्यात मास्तर तीन जातींचे लांडगे सांगतात: कायदा वाकवणारे, दांडगे लोक, आणि तिसरे जमीनदार, जे कुळाकडून आगाऊ नजराणा घेतात आणि मुदत संपायच्या आत त्याला काढायला बघतात, त्याच्याकडून त्याचीच जनावरं घेऊन वेठबिगारी करून घेतात, खायलाही देत नाहीत. इथे मात्र उलटंच होतं, गोष्ट छोटी पडते आणि तात्पर्य उसळून वर येतं. म्हणून मी म्हणते की मास्तरांच्या गोष्टी आणि तात्पर्यं यांचं कधीच नीट जमत नाही, एकतर गोष्ट वरचढ नाहीतर राग वरचढ.

हे त्यांनाही माहीत असणार. तेरा गोष्टींच्या बरोब्बर मध्ये, सातव्या गोष्टीत, ते जूनच्या एका सकाळी झाडाखाली झोपतात आणि स्वप्नात खुद्द इसाप येतो. आपला कुबडा गुलाम इसाप नाही हं, हा देखणा आहे, दुधासारखा पांढरा झगा, डोक्यावर लाल टोपडं, हातात कागदाची गुंडाळी, कानामागे हंसाच्या पिसाची लेखणी, कमरेला दौत. तो सांगतो मी रोमचा, तिथेच शिकलो, कायदा केलाय. म्हणजे हाही वकील निघाला! मास्तर म्हणतात, गुरुजी, एक गोष्ट सांगा ना. इसाप म्हणतो, राहू दे रे बाळा, पवित्र प्रवचनांचा जिथे उपयोग होत नाही तिथे रचलेली गोष्ट सांगून काय होणार? आयुष्यभर तात्पर्य शिकवणाऱ्या माणसाने पुस्तकाच्या मधोमध गुरूच्याच तोंडून हे वदवून घेतलं, आणि मग तरीही गोष्ट सांगायला लावली, सिंह आणि उंदराची.

पाकोळीच्या प्रवचनाची गोष्ट एवढ्यात सांगत नाही, मोठी आहे, पण एक आहे. पाकोळी इतर पाखरांना सांगत राहते की पारध्याने जवस पेरलंय, ते वेळीच उपटून टाका, त्याचीच जाळी होणार आहेत. पाखरं हसतात. मास्तर मग जवसाचं सगळं करतात, रोप काढणं, ओढ्यात भिजत घालणं, वाळवणं, झोडपणं, विंचरणं, आणि पारध्याच्या बायकोने कातलेलं सूत. अशा माणसाने लिहिलंय ज्याने हे काम जवळून बघितलं. आणि गंमत म्हणजे हेच डनफर्मलिन पुढे लिननच्या कापडासाठी जगभर नावाजलं. अमेरिकेत पोलादातून अफाट श्रीमंत झालेला अँड्र्यू कार्नेगी इथलाच, १८३५ चा जन्म, बाप हातमागावर लिनन विणायचा, वाफेचे माग आले, बापाचं काम गेलं आणि १८४८ साली सगळं कुटुंब अमेरिकेला गेलं.

आता क्रेसिड. हेन्रीसनचं एकच काही वाचणार असाल तर हे, ‘द टेस्टामेंट ऑफ क्रेसिड’, सहाशे ओळींच्या जरासं वर. मागची गोष्ट थोडक्यात अशी: ट्रॉयचं युद्ध चालू आहे, ट्रॉयलस राजपुत्राचं क्रेसिडवर प्रेम, तिला ग्रीक छावणीत पाठवलं जातं, तिथे ती डायोमीड या ग्रीक योद्ध्याची होते. चौदाव्या शतकातला इंग्रजीतला मोठा कवी चॉसर, त्याने हे सगळं लिहिलं आणि तिचं पुढे काय झालं ते सोडून दिलं. मास्तर तिथे उचलतात.

सुरुवातच बघा. लेंटचे म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, वसंत म्हणायचा पण गारा पडतायत, उत्तरेचा वारा. कवी म्हातारा, खिडकीशी उभा राहून शुक्राचा तारा बघत असतो, आपल्याला पुन्हा तरुणपण येऊ दे वगैरे प्रार्थना करायची असते त्याला, पण थंडीने पळ काढतो. शेकोटी पेटवतो, एक पेग घेतो, चॉसरचं पुस्तक उघडतो, वाचतो, आणि मग दुसरं एक पुस्तक काढतो आणि म्हणतो, चॉसरने लिहिलं ते सगळं खरंच होतं हे कोणाला माहीत? बस, इतक्या सहज तो आपल्या गुरूच्या गोष्टीत शिरतो.

डायोमीडचं मन भरतं, तो तिला टाकतो. ती बापाकडे येते. बाप काल्कास, देवळातला पुजारी, तो तिला टोचून काही बोलत नाही, घरात घेतो. देवळात ती एकटीच रडते आणि प्रेमाच्या देवांना, क्युपिड-व्हीनसला, शिव्या देते, तुम्हीच म्हणाला होतात ना मी ट्रॉयमधलं प्रेमाचं फूल आहे. आणि मग तिला स्वप्न पडतं, सात ग्रह देव म्हणून उतरतात आणि तिच्यावर खटला चालतो. पुन्हा कोर्ट! बुध अध्यक्ष. शिक्षा ठरवायला कोण, तर शनी आणि चंद्र. शनीचं वर्णन वाचून आपल्या साडेसातीवाल्यांना पटेल: शिशासारखा चेहरा, दात वाजतायत, डोळे खोल, नाकातून पाणी गळतंय, केसांतून बर्फाच्या कांड्या लोंबतायत. तो आपली थंडगार काठी तिच्या डोक्यावर टेकवतो आणि सौंदर्य, श्रीमंती, हसणं काढून घेतो. चंद्रदेवी वर कुष्ठरोग देते, आवाज घोगरा होईल, डोळ्यांत रक्त उतरेल, तोंडावर काळे डाग, कटोरा आणि खुळखुळा घेऊन दारोदार फिरशील.

आणि इथे कवी मध्येच ओरडतो. अरे क्रूर शनी, किती कठोर आहे तुझा निकाल, क्रेसिडवर दया का नाही केलीस? सांगणारा स्वतःच गोष्टीतल्या जज्जावर चिडतो. तात्पर्याच्या दृष्टीने बघाल तर देवनिंदा केली, शिक्षा झाली, विषय संपला. पण मास्तरांना तो निकाल पटत नाही, आणि तो बदलायचा अधिकार त्यांच्याकडे असूनही, कथा त्यांचीच आहे ना, ते बदलत नाहीत. अजूनही मला हे कोडं आहे.

ती जागी होते, आरसा घेते, बघते. आणि तेवढ्यात दारावर टकटक. एक लहान मूल आलंय, जेवायला बोलवायला. म्हणतं, बाईसाहेब, वडील बोलावतायत, किती वेळ पालथ्या पडून प्रार्थना करताय म्हणाले, देवांना तुमच्या मनातलं सगळं माहीत आहे. एवढं बोलतं. त्या पोराला काही ठाऊक नाही, आणि त्याच्या तोंडी सगळ्यात भयंकर वाक्य दिलंय. ती म्हणते, बाळ, वडिलांना सांग इकडे या. बाप येतो, बघतो, हात चोळतो, दोघं रडतात. मग ती सांगते, मला कोणी ओळखू नये, गावाबाहेरच्या कुष्ठ्यांच्या आश्रमात नेऊन सोड. गुपचूप दारातून, अंगावर शाल, डोक्यावर टोपी, हातात कटोरा-खुळखुळा, बाप तिला तिथे पोचवतो, आणि रोज स्वतःच्या वाट्यातलं थोडं पाठवत राहतो. ‘रोज’ हे मास्तरांनी विसरू दिलेलं नाही.

हे मास्तरांनी गावाच्या वेशीवर बघितलं असणार. जेम्स पहिल्याच्या काळात, १४२७ च्या सुमारास कायदाच होता की कुष्ठ्यांनी गावात यायचं ते फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी २. क्लोरोफॉर्मवाले एडिनबराचे डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या कुष्ठरोगावर लिहिलं तेव्हा क्रेसिडची लक्षणं साक्षीला घेतली होती, इतकं ते वर्णन अचूक.

आणि मग तो प्रसंग. ट्रॉयलस लढाई जिंकून परत येतोय, रस्त्याच्या कडेला कुष्ठी कटोरे वाजवतायत. ती वर बघते. तिचे डोळे गेलेत, ती त्याला ओळखत नाही. तोही तिला ओळखत नाही. पण त्या नजरेत काहीतरी असतं आणि त्याला आपली क्रेसिड आठवते, अंगात आग, घाम, थरथर, घोड्यावरून पडेल की काय असं होतं. मास्तर इथे थांबून ॲरिस्टॉटलच्या धर्तीवर समजावून सांगतात की एखादी प्रतिमा मनात खोल कोरलेली असली की असं होतं, ऐन क्षणी लेक्चर! आधी मला राग यायचा या कडव्याचा. आता वाटतं तो माणूस शिकवायला लागतो तेव्हाच त्याचा आवाज भरून आलेला असतो. ट्रॉयलस पट्ट्याची थैली काढतो, सोनं आणि दागिने तिच्या पदरात टाकतो, आणि एक शब्द न बोलता निघून जातो. कोण होते हे सरदार, ती विचारते. दुसरा एक कुष्ठी सांगतो, ट्रॉयलस.

मग तिचा आक्रोश आहे, शेवटी ती म्हणते की दोष मी आता दुसऱ्या कोणाला देणार नाही, माझा मलाच. मग कागद मागून मृत्युपत्र करते, (नोटरी मास्तर इथेही हजर) देह किड्यांना आणि बेडकांना, कटोरा-खुळखुळा आणि सोनं कुष्ठ्यांना, माणकाची अंगठी ट्रॉयलसला परत. ट्रॉयलस संगमरवरी समाधी बांधतो असं काही लोक म्हणतात, असं मास्तर म्हणतात. बायकांना उपदेशाचं एक कडवं आहे, खोटं प्रेम करू नका वगैरे, ते सहाच ओळी टिकतं आणि मग: ती मेलीये, मी तिच्याबद्दल आता बोलत नाही. संपलं. उपदेशालाच दार लावून घेतलं.

या कवितेचं पुढे जे झालं त्याने मास्तरांचं नुकसानच झालं म्हणायचं. १५३२ साली लंडनला विल्यम थिनने चॉसरचं समग्र काम छापलं त्यात हे चॉसरच्या मागे जोडून टाकलं, आणि पुढे कित्येक वर्षं लोक ते चॉसरचंच समजून वाचत होते. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात विदूषक सहज बोलून जातो की क्रेसिडा भिकारीण होती, ती भिकारीण मास्तरांची. ‘रॉबिन आणि मेकिन’ ही त्यांची छोटी धनगरी प्रेमकविता तर थोडक्यात बचावली. मेकिन त्याच्यामागे लागते तेव्हा रॉबिनला मेंढ्यांची काळजी, त्याला सुचतं तेव्हा ती म्हणते, मिळत होतं तेव्हा घेतलं नाहीस, आता मागून मिळणार नाही, आणि हसत घरी जाते. १५६८ साली एडिनबरात प्लेग असताना जॉर्ज बॅनटाइन नावाच्या तरुण व्यापाऱ्याने बसून जुन्या कविता एका मोठ्या वहीत उतरवल्या, त्यात ही होती. दुसरी प्रतच नाही.

वाचायचं कसं, तर मोठ्याने. स्पेलिंग बघून घाबरायला होतं, क्यू-यू-एचने सुरू होणारे शब्द म्हणजे आपले साधे हू, व्हॉट, व्हेअर, ते एकदा कळलं की निम्मं काम झालं. मूळ ओळी आणि बाजूला शब्दार्थ असं नेटवर फुकट मिळतं. क्रेसिडने सुरुवात करू नका, दोन दिवस काही सुचणार नाही. मेंढीनेही नको. करडाचा सॅल्मन करणाऱ्या त्या कोल्ह्याने करा, तो एकदा आवडला की बाकीचे लांडगे, घारी आणि नोटरी आपोआप वाचून होतात.